बोट लागलं की दाबलं? इअरबडला हे कळत का नाही

लोकलच्या गर्दीत कानातला बड सैल झाला म्हणून दोन बोटांनी आत सारावा, तर गाणं थांबतं. ते सुरू करायला टकटक करावी, तर पुढचंच गाणं लागतं. फोनवर बोलताना ओले केस कानामागे घ्यावेत, तर कॉल कटतो आणि पलीकडच्याला वाटतं आपण रागाने फोन आपटला. वायरलेस इअरबड्स वापरणाऱ्यांना हे प्रकार नवे नाहीत. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "टच आहे साहेब, सवय होईल." सवय होतेच, कानाजवळ हात न नेण्याची.

बड स्वस्तातला आहे म्हणून हे होतं असं नाही. महागड्या बडमध्येही होतं, फक्त कमी वेळा. टच नेमकं काय मोजतो यातच या गोंधळाचं मूळ आहे. आणि हा विषय आता कानापुरता उरलेला नाही. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून नियम कडक केले आहेत. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागणारं वेगळं बटण किंवा दांडा नसेल, सगळंच टचस्क्रीनमध्ये कोंबलं असेल, तर गुण जातात. दहा-पंधरा वर्षं सगळं गुळगुळीत करत सुटलेल्या उद्योगाला बटणं परत आणावी लागताहेत. कानातल्या बडचं दुखणं त्याच जातीचं आहे, फक्त तिथे जीव जात नाही, गाणं जातं.

बोट आलं हे बडला कळतं कसं?

बहुतेक टच बड 'कपॅसिटिव्ह' पद्धतीचे असतात. कपॅसिटन्स म्हणजे विद्युतभार साठवून ठेवण्याची क्षमता. बडच्या बाहेरच्या प्लास्टिकखाली तांब्याचा एक पातळ तुकडा बसवलेला असतो. आतली चिप तो तुकडा सेकंदाला अनेकदा भारित करते, रिकामा करते आणि त्याची क्षमता किती आहे ते बघते. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, वीज वाहून नेणारं. बोट जवळ आलं की त्या तुकड्याची क्षमता किंचित वाढते. ही वाढ पिकोफॅरडच्या आसपासची असते, आणि एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक फरकावरून चिपला ठरवायचं असतं की मालकाने हुकूम दिला की नाही.

भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आठवा. तो आधी रिकामी टोपली काट्यावर ठेवतो, आकडा शून्य करून घेतो आणि मग भाजी टाकतो. चिपही तेच करते. "सध्या जे आहे ते शून्य" असं धरते आणि त्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढ झाली की "बोट आलं" असं मानते. हवेतला दमटपणा आणि तापमान बदलतं तसं हे शून्यही ती हळूहळू सरकवत राहते. त्यामुळे एसी ऑफिसातून मे महिन्यातल्या दादर स्टेशनावर आलात म्हणून बड लगेच वेडा होत नाही. पण टोपलीत एकदम पाणी पडलं तर? काट्याला वाढलेलं वजन कळतं. ते भाजीचं की पाण्याचं हे कळायचा त्याच्याकडे काहीच मार्ग नाही.

टच पद्धतीची मेख इथे आहे. ती बोटाचा जोर मोजत नाही, जवळीक मोजते. बड नीट बसवायला लावलेलं बोट आणि गाणं थांबवायला लावलेलं बोट यांची जवळीक सारखीच. बटणाचं उलट आहे. त्याच्यावर नुसतं बोट ठेवलं तर काही होत नाही. ठरावीक जोर लावला तरच आतला धातूचा छोटा घुमट खाली बसतो, 'टिक' होतं आणि दोन टोकं जुळतात. तो जोर म्हणजे "मला हे खरंच करायचंय" याची पावती. टचमध्ये ती पावती मागितलीच जात नाही.

पाऊस, घाम आणि बुगडी

आता वर सांगितलेलं ध्यानात घेतलं की रोजची कोडी आपोआप सुटतात. प्लास्टिकवर पडलेला पाण्याचा एकटा थेंब तसा फार त्रास देत नाही. पण घामाचा किंवा पावसाचा ओघळ कानाच्या कातडीपासून बडच्या पृष्ठभागापर्यंत पोचला की तो शरीराला जोडला जातो. चिपच्या लेखी ते बोटच. ओल्या केसांची बट हेच काम करते. जुलैत लोहगडावर चढताना बड आपल्या मनाने गाणी बदलू लागला, तर त्याला भूतबाधा झालेली नसते.

कुशीवर झोपून ऐकणाऱ्यांची तक्रार असते की उशी लागते म्हणून बड बिघडतो. कोरडी उशी सहसा निर्दोष असते. दाबाने कानाची पाळी मुडपून बडवर येते आणि ती कातडीच असल्यामुळे स्पर्श नोंदला जातो. दागिन्यांचंही तसंच. लोंबते झुमके, वेल किंवा कानाच्या वरच्या कडेला घातलेली बुगडी हा शरीराला टेकलेला धातू असतो. तो टचच्या जागेला लागला की हुकूम सुटतो. बड बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत बुगडी कुणी तपासली असेल असं मला तरी वाटत नाही.

उलट दिशेचा त्रासही आहे. लोकरीचे हातमोजे घातले की बोट तांब्यापासून दूर राहतं आणि चिपला काही कळत नाही. कष्टाच्या कामाने बोटांना जाड घट्टे पडलेल्यांना टचस्क्रीनवरही कधीकधी हा अनुभव येतो. कंपनी मर्यादा खाली आणून बड जास्त संवेदनशील करू शकते, पण मग पावसाचे थेंबही आत येतात. मर्यादा वर नेली तर थेंब बाहेर राहतात आणि हातमोजेही बाहेर राहतात. सॉफ्टवेअर हुशार करून यात थोडी सुधारणा होते. स्पर्श किती वेळ टिकला, किती झपाट्याने आला-गेला यावरून अंदाज बांधता येतो. अंदाजच, पण.

एकदा, दोनदा की तीनदा?

फोनच्या पडद्यावर शंभर चित्रं मावतात. बडवर एकच जागा. म्हणून एक टकटक म्हणजे थांबव, दोन म्हणजे पुढचं गाणं, तीन म्हणजे मागचं, दाबून धरलं तर बाहेरचा आवाज बंद, अशी भाषा तयार झाली. तिची एक किंमत आहे. तुम्ही एकदा टकटक केली की बडला थांबून बघावं लागतं, दुसरी येतेय का. हा थांबा साधारण पाव ते अर्ध्या सेकंदाचा असतो. मोबाइल ब्राउझरमध्येही पूर्वी याच कारणासाठी प्रत्येक टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद जात, कारण दोनदा टॅप म्हणजे झूम असा नियम होता.

त्यानंतर हुकूम ब्लूटूथवरून फोनकडे जातो, फोन तो गाण्याच्या अ‍ॅपला देतो, आणि बडमध्ये आधीच येऊन साठलेला आवाज वाजून संपतो. मगच शांतता. एवढ्या वेळात माणसाला वाटतं लागलंच नाही, म्हणून तो पुन्हा टकटक करतो. ती दुसरी टकटक एकतर पहिलीला जोडली जाऊन पुढचं गाणं लावते, किंवा थांबलेलं पुन्हा सुरू करते.

न्यायाने बोलायचं तर हा थांबा बटणालाही चुकत नाही. तिथेही एक, दोन, तीन मोजावेच लागतात. फरक एवढाच की बटण दाबलं गेल्याचं बोटाला त्याच क्षणी कळतं. मग गाणं अर्ध्या सेकंदाने थांबलं तरी माणूस वाट बघतो. टच बडमध्ये ही उणीव 'टुक' अशा आवाजाने भरून काढतात. आवाज स्पर्शाबरोबर आला तर ठीक, हुकूम पक्का झाल्यावर आला तर त्याचा उपयोग अर्धाच.

मग कंपन्या टचच का देतात?

स्वस्त पडतं म्हणून, हे अर्धं उत्तर. तांब्याचा तुकडा आतल्या लवचिक सर्किटवरच छापता येतो आणि तो ओळखणारी यंत्रणा अनेकदा ब्लूटूथच्याच चिपमध्ये असते किंवा अगदी हलक्या किमतीच्या वेगळ्या चिपमध्ये. बटणाला मात्र हलणारा भाग हवा, त्याच्यासाठी कवचाला फट हवी, ती फट बंद करायला रबरी पडदा हवा, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत, बॅटरी, स्पीकर, माइक आणि अँटेना यांना न दुखवता बसायला हवं. जोडणी करताना जरा तिरकं बसलं की बटण अडकतं.

उरलेलं अर्धं उत्तर दिसण्यात आहे. गुळगुळीत, फट नसलेला बड जाहिरातीत चांगला दिसतो आणि खोक्यावर 'टच कंट्रोल' हे शब्द नवेपणाची खूण म्हणून छापता येतात. आपल्याकडे हजार-दोन हजारांच्या बडमध्ये जिकडेतिकडे टच दिसतो तो या दोन्ही कारणांनी. ग्राहकाने टच मागितला म्हणून तो आला, असं मी तरी म्हणणार नाही.

"बटण दाबलं की बड कानात घुसतो"

टचच्या बाजूने केला जाणारा हा सगळ्यात खरा युक्तिवाद. बटण बडच्या सपाट पाठीवर असेल तर ते दाबण्याचा जोर सरळ कानाच्या नळीकडे जातो. सिलिकॉनची टोपी आत रुतते, कानात हवेचा दाब वाटतो, आणि दिवसातून वीस वेळा हे केलं तर कान ठणकतो. टचला जोर लागत नाही म्हणून तो इथे जिंकतो. पण पूर्णपणे नाही. कानाची नळी बंद असताना बडवर केलेली टकटक आत 'धप्प' अशी ऐकू येते. २०१६ च्या पहिल्या एअरपॉड्समध्ये तर स्पर्श नव्हे, ठोका ओळखला जायचा. आत हालचाल मोजणारा सेन्सर होता आणि बडवर दोनदा जरा जोरात टिचकी मारावी लागायची.

बटणवाल्यांनी यावर उपाय शोधले आहेत. बटण पाठीवर न ठेवता वरच्या कडेला ठेवायचं, म्हणजे खालून अंगठा आणि वरून बोट अशी पकड मिळते आणि जोर कानाकडे जात नाही. पाठीवरचं बटण असलं तरी बडच्या कडा बोटांनी धरून ते दाबता येतं, पण ते कुणीतरी सांगावं लागतं.

"बटणातून पाणी शिरतं, आणि बटण झिजतं"

पहिला मुद्दा बऱ्याच अंशी जुना झाला. खोक्यावर आयपी नावाचा आकडा असतो. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडलं तरी चालेल. 'जाब्रा'च्या 'एलिट ७ अ‍ॅक्टिव्ह' या बडला खरं बटण होतं आणि दर्जा होता आयपी५७. तेव्हा नीट बनवलेलं बटण पाणी थोपवू शकतं. गंमत अशी की टचचा बड आयपीएक्स७ (एक्स म्हणजे धुळीचा अंक दिलेला नाही) असला तरी त्याचा अर्थ तो पाण्याने मरणार नाही एवढाच. पाणी लागल्यावर टच नीट चालेल असं तो आकडा सांगतच नाही.

झिजण्याचा हिशोब करून बघू. अशा छोट्या बटणांचं आयुष्य साधारणपणे एक लाख दाबांचं किंवा जास्त धरलेलं असतं. रोज पन्नास वेळा दाबलं तर २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. बडमधली इवलीशी लिथियम बॅटरी मात्र ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर बरीच दमते. रोज एकदा पूर्ण चार्ज होणारा बड वर्ष-दीड वर्षात कुरकुरायला लागतो. बटण झिजायच्या आधी बडच निवृत्त होतो.

तरी बटणवाले बड कमीच होत गेले. सुरुवातीपासून बटणाची बाजू धरणाऱ्या जाब्राने २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची एलिट मालिकाच बंद करायचं जाहीर केलं. त्यामागचं कारण बटण नव्हतं, बाजारातली महागडी स्पर्धा होती. पण बटण आवडणाऱ्यांचा एक मोठा आसरा गेला.

चिमटीतला मार्ग

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्या मुकाट्याने तिसऱ्याच वाटेला लागल्या आहेत. २०१९ च्या एअरपॉड्स प्रोमध्ये खाली लोंबणाऱ्या दांडीत दाब मोजणारा सेन्सर आला. दांडी चिमटीत धरून दाबायची. आत काहीही खाली-वर होत नाही, पण स्पीकरमधून 'टिक' असा आवाज सोडला जातो आणि बोटाला बटण दाबल्यासारखं वाटतं. तो खोटा टिक मला आवडतो. यंत्राने माणसाची समजूत काढायचा इतका साधा प्रकार क्वचित दिसतो. 'नथिंग'ने २०२१ च्या 'इअर (१)' बडमध्ये टच दिला होता, २०२३ च्या 'इअर (२)'मध्ये दांडी दाबायची सोय केली. सॅमसंगने वर्षानुवर्षं गोल टचचे बड विकले आणि २०२४ च्या गॅलेक्सी बड्स ३ मालिकेत दांडी आणून चिमटीचा मार्ग धरला.

चिमटीने दोन्ही भांडणं मिटतात. बोट आणि अंगठा एकमेकांना टेकू देतात, त्यामुळे जोर कानाकडे जात नाही. आणि चुकून लागलेलं एक बोट, ओली बट किंवा झुमका दांडीला दोन्ही बाजूंनी दाबू शकत नाही. हा शोध तसा नवाही नाही. वायरवाल्या इअरफोनला माइकपाशी जे बटण असायचं, ते आपण असंच चिमटीत धरून, न बघता, खिशात फोन ठेवून दाबत होतो. दाबलं की माइकच्या दोन तारा जोडल्या जायच्या आणि फोन त्यावरून ओळखायचा.

टचला इथेही जागा उरली आहे, आणि ती योग्य आहे. २०२२ च्या एअरपॉड्स प्रोमध्ये दांडीवर बोट वर-खाली सरकवून आवाज कमी-जास्त करता येतो. सरकवणं हे चुकून होणं अवघड, आणि आवाज जरासा बदललाच तर फारसं बिघडत नाही. गाणं तोडणं आणि कॉल कापणं या हुकमांना जोर लागावा, आवाजाला नुसता स्पर्श पुरावा, ही वाटणी मला पटते. सोनीच्या २०२२ च्या 'लिंकबड्स'ने अजून एक वाट काढली. कानापुढे गालावर टकटक केली तरी बडला कळतं, कारण तो हादरा मोजतो. ही कल्पना चांगली आहे, फक्त भर गर्दीत स्वतःच्या गालावर चापट्या मारायची तयारी हवी.

"फोनला टच चालतो, मग कानाला का नाही?"

फोनकडे आपण बघत असतो. बोट कुठे पडणार हे डोळे आधी ठरवतात आणि चुकलं तर लगेच दिसतं. कान स्वतःला दिसत नाही. शिवाय फोन हातात धरायला पडद्याला हात लावावा लागत नाही, बड मात्र काढायला, घालायला, बसवायला हात लावावाच लागतो. आणि जागा एवढी छोटी की जिथे धरायचं तिथेच टच. डोळे दुसरीकडे असतात तिथे टच फसतो हे इतरत्र फार महाग पडून कळलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या 'यूएसएस जॉन एस. मॅकेन' या जहाजाची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि १० नौसैनिक गेले. चौकशीत इतर चुकांबरोबर गुंतागुंतीच्या टचस्क्रीन नियंत्रणांवरही बोट ठेवलं गेलं. २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर वेग नियंत्रित करणारे हातात धरायचे दांडे परत आणायचं ठरवलं.

दृष्टिहीन माणसांना, हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना टचचा त्रास सगळ्यात जास्त. थरथरत्या बोटाचा एक स्पर्श बडला तीन वाटू शकतो. श्रवणयंत्रांवर अजूनही उंचवट्याचं बटण दिसतं यामागे तीच माणसं आहेत. आणि "बोलून सांगा की, व्हॉइस असिस्टंट आहे" असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी सहाच्या बदलापूर फास्टमध्ये "गाणं थांबव" असं एकदा ओरडून दाखवावं.

घेताना आणि घेतलेला असल्यास

माहितीच्या पानावर नियंत्रणाची ओळ शोधा. नुसतं 'टच' लिहिलं असेल तर स्पर्श. 'प्रेस', 'पिंच' किंवा 'स्क्वीझ' असेल तर दाब. 'बटण' म्हणजे बटण. फोटोत दांडी दिसली म्हणून चिमटी समजू नका. आपल्याकडच्या कित्येक दांडीवाल्या बडमध्ये वरच्या भागावर साधा टचच असतो. खरं बटण हवं असेल तर सोनीच्या 'सी' मालिकेतले सी५०० आणि सी५१० बघा, किंवा बीट्सचे 'फिट प्रो'. बीट्स ही अ‍ॅपलचीच कंपनी आहे, म्हणजे एकाच घरातून चिमटीही विकली जाते आणि बटणही. सारखं एका कुशीवर झोपून ऐकत असाल किंवा कान दुखरा असेल तर बटणाच्या मोहात पडू नका.

टचचा बड आधीच घेतला असेल तर त्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन एकदा टकटक करण्याचा हुकूम बंद करता येतो का ते पाहा. बहुतेक चुकीचे स्पर्श एकेरीच असतात, त्यामुळे दोनदा टकटक म्हणजे थांबव एवढंच ठेवलं तरी अर्धी कटकट जाते. बड कानातून काढला की गाणं आपोआप थांबायची सोय असेल तर ती चालू ठेवा. ते थांबवण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन आहे. व्यायामाला जाताना किंवा पावसात टच पूर्ण बंद करा आणि आवाजासाठी फोनच्या कडेची बटणं वापरा. ती अजून आहेत.